इशारा आला होता, मग तो अडला कुठे? (कोलंबो २०१९ ते आपला किनारा)

पारिजात

मागच्या डिसेंबरात आठ दिवस श्रीलंकेला जाऊन आले. परतीचं विमान रात्रीचं होतं आणि नेगोंबो विमानतळापासून जवळच, म्हणून सकाळी कटुवापिटियाच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये गेले. तिथे काचेच्या पेटीत येशूची एक मूर्ती ठेवली आहे. तिच्या अंगावर रक्ताचे शिंतोडे आहेत. स्फोटाच्या वेळी उडालेले, तसेच राखलेले. शेजारच्या बाकावर एक आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या. मी दहा मिनिटं नुसती उभी होते. फोटो काढायला हात उचलला नाही.

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. कोलंबोतलं कोच्चिकडे चर्च, नेगोंबोचं हे चर्च, पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआचं झायन चर्च आणि कोलंबोतली तीन मोठी हॉटेलं. एका सकाळीत आत्मघाती स्फोटांत २६९ माणसं गेली.

परत आल्यावर त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि एका गोष्टीपाशी अडकले. भारताच्या गुप्तचर यंत्रणेनं ४ एप्रिललाच श्रीलंकेला कळवलं होतं. तेही मोघम नव्हे. हल्लेखोरांचा म्होरक्या झहरान हाशिम याचं नाव, आत्मघाती हल्ल्याची तयारी, लक्ष्य म्हणून कॅथलिक चर्च आणि कोलंबोतलं भारतीय उच्चायुक्तालय, इतकं स्पष्ट. ९ एप्रिलला ते पत्रानं तिथल्या पोलीसप्रमुखांकडे गेलं. ११ तारखेला एका उपमहानिरीक्षकांच्या सहीनं पुढचं पत्र निघालं, ते मंत्री आणि बड्या मंडळींच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना. २० तारखेला आणि हल्ल्याच्या दिवशी सकाळीसुद्धा भारताकडून पुन्हा सांगितलं गेलं. चर्चच्या दारापर्यंत यातलं काहीही पोचलं नाही. कार्डिनल माल्कम रंजित नंतर म्हणाले की आपल्याला कळलं असतं तर रविवारची प्रार्थनाच रद्द केली असती.

राष्ट्राध्यक्ष सिरिसेना आणि पंतप्रधान विक्रमसिंघे यांचं तेव्हा इतकं बिनसलेलं होतं की ऑक्टोबर २०१८ पासून पंतप्रधानांना देशाच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांना बोलावणंच बंद होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सिरिसेनांना स्वतःच्या खिशातून १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. पोलीसप्रमुख आणि गुप्तचर प्रमुखांनाही कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितली. माजी राष्ट्राध्यक्षाला अशी किंमत मोजावी लागलेलं उदाहरण आपल्या भागात मला दुसरं आठवत नाही.

पुढे भारत, श्रीलंका आणि मालदीव यांची २०११ साली सुरू झालेली आणि मध्ये थंडावलेली त्रिपक्षीय बैठक नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा जागी झाली. तिला आता कोलंबो सुरक्षा परिषद म्हणतात. २०२२ मध्ये मॉरिशस आलं, २०२४ मध्ये बांगलादेश. ऑगस्ट २०२४ मध्ये सनद झाली, कोलंबोत सचिवालय ठरलं. चांगलंच आहे. पण ४ एप्रिलला सहकार्य झालंच होतं की! एका देशानं दुसऱ्याला जे सांगायचं ते वेळेवर सांगितलं होतं. मग इशारा आल्यावर काय करायचं, हे कुठल्या सनदेत बसतं? ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

ओसरी

वाचतेय. सार्कचं काय झालं मग? आपल्या लहानपणी पाठ्यपुस्तकात तेच असायचं.

निवृत्त_फौजदार

पारिजातताई, धागा काढलात, बरं केलंत. मी मुंबईत तीस वर्षं खात्यात होतो, बराच काळ दक्षिण मुंबईत. आता उरण भागात राहतो. मला जे दिसलं ते सांगतो.

अलर्ट म्हणजे काय असतं? एक कागद येतो. 'समुद्रमार्गे घुसखोरीची शक्यता, दक्षता बाळगावी.' ड्यूटी अधिकारी नोंदवहीत आवक क्रमांक टाकतो, साहेब 'पाहिले' लिहून सही करतात, हजेरीच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवतात. तोवर गणपतीचा बंदोबस्त लागलेला असतो, मग निवडणुका, मग कुणाचा तरी मोर्चा. दुसऱ्या आठवड्यात दुसरा कागद येतो, वेगळं ठिकाण, वेगळं टोळकं. सांगणाऱ्याची चूक नसते, त्याला जेवढं कळलं तेवढं त्यानं सांगितलेलं असतं. पण शंभरातला खरा कागद कुठला, हे हातात लाठी घेऊन उभ्या असलेल्या हवालदाराला कोण सांगणार?

२६ नोव्हेंबर २००८ च्या आधीसुद्धा समुद्रातून येतील, मोठ्या हॉटेलांवर येतील, अशा सूचना आलेल्या होत्या. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनं त्याचा ऊहापोह केला आहे. म्हणून कोलंबोबद्दल वाचताना मला परक्या देशाबद्दल वाचतोय असं वाटत नाही.

त्या रात्रीनंतर खूप बदललं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदा महिनाभरात झाला. दिल्लीतल्या मल्टी एजन्सी सेंटरची स्थापना कारगिलनंतर २००१ ची, पण त्याला खरा जोर २००८ च्या अखेरीस आला. तिथे माहिती आणून टाकणं यंत्रणांवर बंधनकारक झालं, राज्यांत उपकेंद्रं आली. एनएसजीच्या कमांडोंना त्या रात्री मानेसरहून यावं लागलं आणि पोचेपर्यंत सकाळ उजाडली. २००९ पासून त्यांचा तळ मुंबईतच आहे. राज्याची फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी राहिली. पण हे सगळं हल्ला सुरू झाल्यानंतरचं किंवा वरच्या मजल्यावरचं. खालचा मजला म्हणजे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन उभे होते आणि त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. त्यांना कुणाचा इशारा मिळाला होता? वायरलेसवर गाडीचा नंबर आणि रंग ऐकला, तेवढाच. पण तो नेमका होता आणि वेळेत पोचला, म्हणून एक जण जिवंत हाती लागला.

ओसरी, सार्कचा दहशतवादविरोधी करार १९८७ सालचा आहे, कोलंबोत त्याचा नोंदणी कक्षही काढला होता. पण करारावर सही करणाऱ्या एका देशाच्या किनाऱ्यावरून माणसं निघतात तेव्हा त्या कागदाचं काय करायचं? २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची शिखर परिषद झाली नाही, तेव्हापासून शिखर परिषदच भरलेली नाही.

बोंगाईगाव_ते_बोरिवली

मी १९९६ ते २००५ आसामात, बोंगाईगावला नोकरीला होतो. संध्याकाळी पाच वाजले की बाजारपेठेची शटरं खाली. बायको मुलाला शाळेतून आणायला रोज वेगळ्या रस्त्यानं जायची. त्यामुळे शेजारी देशाचं सहकार्य म्हणजे काय, हे मी घरात बसून अनुभवलेलं आहे.

उल्फा, बोडोंची एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र संघटनांचे तळ भूतानच्या दक्षिणेच्या जंगलात होते. इकडे स्फोट करायचा आणि सीमा ओलांडून गायब व्हायचं. भूताननं कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलणी केली, निघून जा म्हणून विनवलं. शेवटी १५ डिसेंबर २००३ ला त्यांच्या छोट्याशा सैन्यानं स्वतःच्याच देशात कारवाई सुरू केली आणि ३० तळ मोडून काढले. त्यांचे राजे जिग्मे सिंगे वांगचुक स्वतः आघाडीवर होते. आमच्याकडे त्या आठवड्यात लोक रेडिओला कान लावून बसलेले असायचे. दुसरीकडे बांगलादेश. २००४ मध्ये चितगावला दहा ट्रक शस्त्रं पकडली गेली, ती उल्फाकडे निघालेली होती. तेव्हा तिथून कसलंही सहकार्य नव्हतं. २००९ मध्ये शेख हसीना सत्तेवर आल्या आणि त्याच डिसेंबरात उल्फाचे अध्यक्ष अरविंद राजखोवा भारताच्या ताब्यात आले. अनुप चेतिया २०१५ मध्ये आले. देश तोच, सीमा तीच. बदलली ती तिथल्या राज्यकर्त्यांची इच्छा.

म्हणून माझा अनुभव असा की दहा देशांच्या व्यासपीठापेक्षा दोन देशांमधला भरवसा जास्त कामाला येतो. आणि तो सरकार बदललं की बदलतो, हीच त्यातली भीती. ढाक्यात ऑगस्ट २०२४ मध्ये सत्ता पालटली तेव्हा मला पहिली आठवण बोंगाईगावच्या त्या शटरांची झाली.

गेवराईचा

+१. यात आमच्या बीड जिल्ह्याचं एक प्रकरण सांगायलाच हवं, कारण ते आमच्या तालुक्याच्या जिव्हारी लागलेलं आहे.

मे २००६ मध्ये मनमाड रस्त्यावर चांदवडजवळ एटीएसनं गाड्यांचा पाठलाग करून एके-४७ आणि आरडीएक्स पकडलं, ते औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण. त्यातून निसटलेला झबीउद्दीन अन्सारी, ज्याला अबू जुंदाल म्हणतात, तो आमच्या गेवराईचा. २६/११ च्या रात्री कराचीतून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणाऱ्यांत तो होता. ते संभाषण टेप झालं होतं. त्यात एका आवाजानं 'प्रशासन' हा शब्द वापरला आणि ऐकणारे थबकले. पाकिस्तानातला माणूस असं बोलणार नाही, हा आपल्याकडचाच कुणीतरी आहे, हे एका शब्दावरून लक्षात आलं. आपण रोज तहसील कचेरीत जो शब्द वापरतो, तोच!

तो सौदी अरेबियात पाकिस्तानी पासपोर्टवर सापडला. तो आमचाच नागरिक आहे, हे भारताला सिद्ध करावं लागलं. त्यासाठी घरच्यांच्या नमुन्याशी डीएनए जुळवला गेला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. जून २०१२ मध्ये सौदीनं त्याला भारताच्या ताब्यात दिलं आणि २०१६ मध्ये शस्त्रसाठा प्रकरणात त्याला जन्मठेप झाली. सौदी आणि पाकिस्तान यांची किती जुनी मैत्री! तरीही हे घडलं. त्यामागे कुणीतरी चिकाटीनं, महिनोन्‌महिने कागद जुळवले असणार. त्यांची नावं कधी कळणार नाहीत, पण मी मनापासून त्यांचा ऋणी आहे. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून आणायला तर एप्रिल २०२५ उजाडलं. २६/११ ला जन्मलेलं मूल तोवर दहावीच्या पुढे गेलं.

वकिलीण

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. फौजदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहिते, कारण ही दुसरी बाजू कुणीच मांडलेली नाही.

११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत १८९ माणसं गेली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयानं फाशी सुनावली होती. एक जण तुरुंगातच वारला. कबुलीजबाब छळ करून घेतलेले होते, असं उच्च न्यायालयानं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं नंतर एवढंच सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाचे सातही आरोपी सुटले. त्याआधी २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेले नऊ जण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले होते. म्हणजे लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांना न्याय नाही, मालेगावच्या घरांना नाही, आणि ज्यांची एकोणीस वर्षं गेली त्यांनाही नाही. खरे गुन्हेगार कुठे आहेत, हा प्रश्न तसाच उभा आहे.

याचा इशाऱ्यांशी संबंध आहे. झहरानचं गाव कट्टनकुडी, मुस्लिम वस्तीचं. त्याच्या भाषणांविरुद्ध पहिल्या तक्रारी कुणी केल्या? तिथल्याच मुसलमानांनी. त्याच्या लोकांनी २०१७ मध्ये गावातल्या सूफी मंडळींवर हल्ला केला होता, तेव्हापासून लोक सांगत होते. म्हणजे भारताचा इशारा येण्याच्या दोन वर्षं आधी फुकट, घरबसल्या, शेजाऱ्याकडून इशारा आलेला होता. ज्या वस्तीतून माहिती यायला हवी, तिथल्या लोकांना उद्या आपल्याच पोराला उचलून नेतील अशी धास्ती असेल, तर ते तोंड उघडणार नाहीत. दोन देशांमधल्या भरवशाबद्दल वर लिहिलंय. पोलीस चौकी आणि मोहल्ला यांच्यातल्या भरवशावरही तेवढंच लिहायला हवं.

निवृत्त_फौजदार

वकिलीणबाई, तुमचं म्हणणं खोडून काढणार नाही. लोकल स्फोटांच्या रात्री मी माहीमला रुळांवर होतो. निकाल आला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढंच.

खाडीवरचा

मी सहसा इथे फक्त वाचतो. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, घरची एक बोट आहे, भाऊ तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. मी गावातच शिक्षक आहे, पण सुट्टीत बोटीवर जातो.

आमच्या तालुक्यातलं शेखाडी आणि अलीकडचं दिघी इथेच १९९३ ची शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं होतं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. कस्टमची आणि पोलिसांची माणसंही त्यात सामील होती, शिक्षा झाल्या. पण नंतर कितीतरी वर्षं एसटीत गावाचं नाव सांगितलं की शेजारचा माणूस वळून बघायचा. माझ्या आजोबांनी ती नजर सोसली आहे. म्हणून किनाऱ्याची सुरक्षा हा आमच्यासाठी वर्तमानपत्रातला विषय नाही.

२६/११ ला ते दहा जण आधी पोरबंदरच्या 'कुबेर' बोटीवर चढले, आमच्यासारख्याच पोटासाठी दर्यावर गेलेल्या खलाशांना त्यांनी मारलं, तांडेलाला शेवटी मारलं. मग रबरी होडीतून बधवार पार्कजवळ मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. आमच्या माणसांची नजर चुकली नव्हती. पुढचं दार बंद होतं.

आता किनाऱ्याजवळ सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, त्याच्यापुढे नौदल अशी रचना आहे. रडार लागली, बोटींना राज्याप्रमाणे रंग आले, आम्हाला कार्डं मिळाली, गावोगावी सागर सुरक्षा दलं आहेत, दरवर्षी 'सागर कवच' सराव होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. तासाभरात सगळा जिल्हा नाकाबंदीत होता. शेवटी ती ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतजवळ खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली बोट निघाली, पण आमच्या बायकांनी त्या दिवशी पोरांना घराबाहेर सोडलं नाही.

आता माझा स्वतःचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात रात्री दीडच्या सुमाराला जाळं टाकून बसलो होतो. एक बोट दिवा न लावता आमच्या अंगावरून उत्तरेला गेली. आमच्याकडची नव्हती, इंजिनाच्या आवाजावरूनच भाऊ म्हणाला. किनाऱ्याकडे येईपर्यंत फोनला रेंज नव्हती. रेंज आल्यावर कळवलं. पहिला प्रश्न आला, "हद्द कुठली?" मग माझं नाव, कार्ड नंबर, बोटीचा नंबर, खलाशी किती. दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं. साडेचार तास बाकावर बसवलं. जेटीवर मासळी पडून, बर्फ वितळला, दलालानं निम्मा भाव दिला. त्या बोटीचं काय झालं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. चौकीचं नाव घेत नाही, तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, त्यांच्याकडेही माणसं कमी आणि त्यातली निम्मी घाटावरची, बोटीत बसली की उलट्या करणारी.

पण तेव्हापासून आमचा एक खलाशी काही दिसलं की म्हणतो, "नको रे बाबा, सांगू नको." वकिलीणताई, तुम्ही मोहल्ल्याबद्दल लिहिलंत तेच आमच्या जेटीवर आहे.

पारिजात

खाडीवरचे सर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी कोलंबोच्या पत्रांचा माग काढत बसले होते. ४, ९, ११, २०, २१ अशा तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या. आणि तुमचा साडेचार तासांचा बाक त्याच वहीत बसतो. तिथे वरून खाली येणारा इशारा बड्यांच्या अंगरक्षकांपाशी थांबला. तुमच्याकडे खालून वर जाणारा बाकावर थांबला. बोंगाईगावकर म्हणतात ती राज्यकर्त्यांची इच्छा लागतेच, पण श्रीलंकेत भारताचा इशारा तर पोचला होता. घेणाऱ्यांपैकी एकालाही वाटलं नाही की चर्चला फोन करणं हे माझं काम आहे.

एक विचारते. १०९३ आणि १५५४ हे क्रमांक तुमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत का?

निवृत्त_फौजदार

खाडीवरचे, तुमचं वाचून मान खाली गेली. तीस वर्षांत मी स्वतः किती जणांना असं बाकावर बसवलं असेल, आठवायला लागलो. कळवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एक फोन करायचा, 'तुम्ही सांगितलेल्या बोटीचं असं असं झालं' एवढं बोलायचं, याला ना निधी लागतो ना परिपत्रक. माझ्या पोलीस ठाण्यात मी हे केलं नाही. करायला हवं होतं.

खाडीवरचा

पारिजातताई, १०९३ सागरी पोलिसांचा आणि १५५४ तटरक्षक दलाचा, दोन्ही आमच्या केबिनमध्ये रंगानं लिहिलेले आहेत. पोरांना पाठ आहेत. पण फोनची रेंज काही मैलांत संपते, पुढे व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा बिनतारी सेटच. त्याचा १६ नंबरचा चॅनल. त्यावर बोलायचं म्हणजे खलाशाला धडकी भरते, कारण पलीकडून हिंदी किंवा इंग्रजी येतं आणि आपण चुकीचं बोललो तर काय, अशी भीती. म्हणून मी ठरवलंय की पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत, बोटी वर काढलेल्या असताना, पोरांना केबिनमध्येच बसवून सेट बंद ठेवून बोलायची सवय करायची. ठिकाण, दिशा, बोटीचा रंग, दिवा होता की नव्हता. चार वाक्यं.

फौजदारसाहेब, मान खाली घालू नका. बंदी ३१ जुलैला उठते. त्याआधीच्या रविवारी सुरक्षा दलाच्या पोरांना जेटीवर बोलावलंय. तुम्ही याल का? फोन उचलल्यावर आत काय काय होतं, एवढंच त्यांना सांगा. पलीकडे कसं माणूस बसलेलं असतं ते त्यांना कळू दे. पावसात ताजं म्हावरं मिळणार नाही, पण सोड्याची खिचडी नक्की.

निवृत्त_फौजदार

येतो. रोहा स्टेशनवरून पुढे एसटी कुठली धरायची ते व्यक्तिगत निरोपानं कळवा.